पाऊस सरल्यावरचा कसारा–खोडाळा–जव्हार रस्ता

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. सोबत सत्तरीला टेकलेले आईवडील आणि सहावीतली मुलगी. फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस मोकळे आहेत. कसाऱ्याहून खोडाळा, मोखाडा करत जव्हारपर्यंतचा घाटरस्ता करायचाय आणि वारली चित्रं, मुखवटे असं काहीतरी मुलीला प्रत्यक्ष बनताना दाखवायचंय. पण ज्याला विचारलं तो म्हणतो, "आता काय आहे तिकडे? धबधबे आटले, डोंगर करपले. जुलैत जा." तर आत्ता जावं का, आणि गेलं तर काय बघायला मिळेल?

ताई, जा. मी ठाण्याहून दहा-बारा जणांचे गट घेऊन बावीस वर्षं या रस्त्याने जातेय. पहिली चार-पाच वर्षं मीही फक्त पावसाळ्यातच न्यायचे. विहीगावचा आणि दाभोशाचा धबधबा, भाजलेला मका, ओले कपडे, रात्री दहाला घरी. त्या वर्षांत मी एकही कारागीर काम करताना बघितला नाही आणि मला वाटायला लागलं होतं की ही कला आता दुकानातच उरलीय. चूक माझी होती. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला प्रत्येक हात चिखलात असतो. खाचरात भाताची आवणी, उतारावर नागली म्हणजे नाचणी, आणि वरई. त्या दिवसांत मुखवटा रंगवत किंवा बांबू सोलत बसायला कोणाला सवड असणार? भात झोडून झालं, कणगी भरली, की मग हात मोकळे होतात. लग्नं उन्हाळ्याच्या तोंडाशी, बोहाडा म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव होळीनंतर, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याचा भोपळा थंडीत सुकून तयार. आपण ज्याला ऑफ सीझन म्हणतो त्याच महिन्यांत तिथलं हे सगळं काम चालतं.

पण तारखेबद्दल एक गोष्ट आधी सांगते, कारण यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलेय. एका डिसेंबरमध्ये मी चौदा जणांना घेऊन मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले. आधी कळवलं नव्हतं. पाड्यात निम्म्या घरांना कुलपं, काही दारांना नुसत्या काट्या लावलेल्या. दोन आज्या आणि पाच-सहा पोरं. बाकी सगळे वीटभट्टीवर गेलेले. कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबं भांडीकुंडी, पोरं घेऊन कामाला बाहेर पडतात, कारण पावसावरचं एक पीक निघालं की गावात रोजगार नसतो. माझ्या गटातल्या एका काकांनी विचारलं, "इथे कलाकार असतात म्हणालात ना?" आणि मला खाली बघावं लागलं. त्यांच्यातलेच काही हात तेव्हा आमच्या ठाण्यातल्या इमारतींच्या विटा थापत असणार.

ही माणसं होळीला घरी येतात. शिमगा हा तिथला फार मोठा सण आहे, त्याला घरी नाही असं सहसा होत नाही. म्हणून तुमची तारीख हलवता येत असेल तर होळी होऊन चार-आठ दिवसांनी जा. नाहीच जमलं तर फेब्रुवारीच्या शेवटीही हरकत नाही, फक्त ज्याच्याकडे जायचं त्याला आधी फोन करून तो घरी आहे ना, एवढी खात्री करा. मुखवटेवाले त्या दिवसांत बहुधा घरीच सापडतात. बोहाड्याआधीची रंगरंगोटी सुरू झालेली असते.

आता रस्ता. ऐरोलीहून साडेपाचला निघा. माजिवडा, मानकोली, राजनोली हा पट्टा लवकर पार झाला पाहिजे. भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर एकदा रस्त्यावर आले की तिथेच तासभर जातो. पडघ्याच्या पुढे हायवे मोकळा होतो. एक लक्षात ठेवा, जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झालाय. मोबाईलच्या नकाशाने तुम्हाला त्यावर चढवलं तर इगतपुरीच्या अलीकडे जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि गाडी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे जाते. नाशिकला कामासाठी जायचं असेल तर उत्तम, पण तुम्हाला तर घाट बघायचाय. जुन्या नाशिक हायवेनेच जा. शहापूर ते खर्डीच्या दरम्यान नाश्ता, पेट्रोल आणि आईबाबांसाठी स्वच्छतागृह ही तिन्ही कामं उरका. पुढे जव्हारपर्यंत या तिन्हींचा भरवसा धरू नका.

कसाऱ्याला पाच मिनिटं थांबून मुलीला रेल्वे दाखवा. इथून इगतपुरीपर्यंत रूळ ३७ फुटाला १ फूट चढतात, आणि तेवढ्यासाठी गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. हा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ सालचा, म्हणजे दीडशे वर्षांहून जुना. गाडी थांबणं, इंजिनं लागणं, मग सगळं धूड हळूहळू हलायला लागणं, हे फलाटावरून दिसतं. लहान मुलं यात फार रमतात, आणि खरं सांगते, आजोबाही.

कसाऱ्याच्या पुढे, हायवेचा घाट सुरू होण्याआधी डावीकडे खोडाळा–जव्हारचा फाटा फुटतो. आपला रस्ता हा. हायवेवरचे ट्रक मागे पडतात आणि वळणं सुरू होतात. विहीगावपर्यंतच्या चढावर पावसाळ्यातल्या रविवारी मी दीड-दीड तास गाड्यांच्या रांगेत बसलेय. मार्चच्या सकाळी याच रस्त्यावर समोरून एखादी एसटी आणि दोन-तीन जीपगाड्या येतात, तेवढंच. वळणावर हॉर्न द्या, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, आणि फोटोसाठी वळणावर गाडी उभी करू नका. पुढे सरळ पट्ट्यावर रुंद जागा सापडतेच.

"करपलेले डोंगर" बघायला मिळतील हे खरंय. पण नीट बघा. पावसाळ्यात या कड्यांवर धुकं आणि गवत असतं, दगड दिसतच नाही. आता गवत वाळलेलं, झाडांची पानं गळलेली, आणि अख्ख्या कड्यावर आडव्या पट्ट्या उघड्या पडलेल्या असतात, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारख्या. हे लाव्ह्याचे थर आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेले. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची माची होते, आणि माचीवर माती धरते म्हणून झाडं तिथेच रांगेने उभी राहतात. मुलीला समोरच्या डोंगरावरचे थर मोजायला सांगा. आम्ही प्रत्येक गटाला मोजायला लावतो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, त्यावर गाडीत पुढचा अर्धा तास वाद चालतो.

त्या वाळक्या उतारावर मधेच लालभडक झाडं दिसतील. एकही पान नाही, नुसती मोठी लाल फुलं आणि खोडावर काटे, ती काटेसावर. केशरी ज्वाळांसारखा पळस. पांगारा लाल, पण काटेसावरीपेक्षा लहान, बाकदार पाकळ्यांचा. मध प्यायला मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची झुंबड असते. झाडाला पानं नसल्याने पक्षी लपूच शकत नाही, दुर्बीण नसलेल्यालाही दिसतो. मार्चच्या शेवटी गेलात तर पहाटे मोहाचा वास येतो, गोड आणि थोडा आंबूस. बाया-पोरी टोपल्या घेऊन झाडाखाली फुलं वेचत असतात. आणि मधूनमधून शेतात काळे चौकोन दिसतील. लोक समजतात वणवा लागला. बरेचदा तो राब असतो. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, त्याने तण मरतं आणि राखेचं खत मिळतं.

विहीगावचा धबधबा या दिवसांत नसतो, थांबू नका. पुढे वैतरणेचं खोरं लागतं. मध्य वैतरणा धरण इथलंच, १०० मीटरहून उंच, २०१४ साली वापरात आलेलं. इथून आणि तानसा, मोडकसागर, भातसा या आसपासच्या तलावांतून मुंबई पाणी पिते, आणि आमच्या ठाण्यालाही भातसेचं पाणी येतं. याच शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर मार्चपासून विहिरी तळाला लागतात. डोक्यावर एकावर एक तीन हंडे घेऊन चढ चढणारी बाई तुम्हाला वाटेत दिसेल, आणि कदाचित टँकरभोवती हंड्यांची रांगही. मुलीने विचारलं तर खरं ते सांगा. आणि एक कराच, पिण्याचं सगळं पाणी घरून न्या, माणशी तीन-चार लिटर. कुठल्याही घरी गेलात की आधी तांब्याभर पाणी पुढे येतं. ते घोटभर घ्या, नाही म्हणू नका, पण पाड्यावरच्या पाण्याने बाटल्या भरायच्या नाहीत, पाय धुवायचे नाहीत. आमच्या गटात हा नियम पक्का आहे.

खोडाळा हे वाटेतलं बाजाराचं गाव. चहा प्या. आईबाबांना हवं असेल तर जवळच देवबांधचं गणपतीचं देऊळ आहे, शांत जागा. तिथून मोखाडा आणि मग जव्हार. मधे कुठेही न थांबता गेलात तरी कसाऱ्यापासून दोन-अडीच तास धरा. अंतर फार नाही, वळणं फार.

आता ज्यासाठी तुम्ही जाताय ते.

वारली चित्र तुम्ही रोज बघता. ठाण्यात पुलाच्या खांबांवर आहे, सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर आहे, कपावर, साडीवर आहे. म्हणून मुलीला आधी हे सांगा की ही मुळात घराची सजावट नव्हती. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. लिहितात, काढत नाहीत, त्यांचा शब्दच तो आहे. तो लिहायचा मान सवाशिणींचा. चौकोनाच्या आत पालघाट देवी, शेजारच्या छोट्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, बाहेर झाडं, नाचणारी माणसं, वाजंत्री. धवलेरी, म्हणजे लग्नविधी गाऊन करणारी बाई, गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. कागदावर हे उतरलं ते १९७० च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारतर्फे या भागात आले, बायकांना कागद आणि रंग दिले, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या निमित्ताशिवाय, मनाला येईल ते रंगवायला सुरुवात केली. मासे पकडायचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, सगळं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. गंजाड तुमच्या मार्गात नाही, त्याच फेरीत करायचा अट्टहास नको. जव्हारच्या आसपासच्या पाड्यांवर चित्रकार आहेत.

कोणाकडे बसलात तर काडीकडे बघा. बांबूची बारीक काडी, टोकाला दातांनी चावून कुंचल्यासारखी केलेली. पहिल्यांदा एका मावशींनी माझ्या हातात ती दिली तेव्हा मी पेनासारखी तिरकी धरली आणि रेघ फाटली. त्या म्हणाल्या, "उभी धर. आणि रेघ संपेपर्यंत श्वास सोडू नको." खाली गेरूचा लाल हात दिलेली भिंत, पांढरा म्हणजे तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं. ओलं असताना ते जवळजवळ दिसतच नाही, लाल मातीवर नुसती ओल दिसते. सुकत जातं तसं पांढरं उमटतं. म्हणजे लिहिणारीला आपण काय लिहिलं ते थोड्या वेळाने कळतं, हात आधीच पुढे गेलेला असतो. मुलीला ते सुकताना बघू द्या, घाई करू नका. तासभर लागतो.

विकत घेताना कसं ओळखायचं, हे सगळे विचारतात. चित्र तिरकं धरून उजेडात बघा, हाताचं असेल तर पांढरा रंग किंचित उठून दिसतो, जागोजागी जाड-बारीक होतो. मग नाचणाऱ्या माणसांची रांग घ्या आणि एकेकाचे गुडघे बघा. हाताने लिहिलेल्या रांगेत प्रत्येकाचा गुडघा वेगळा वाकतो, कोणाचा पाय थोडा मागे राहिलेला असतो. छापील चित्रात तोच माणूस दहादा येतो. तांदळाच्या पिठाऐवजी पोस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक रंग वापरला असेल तर ती फसवणूक नव्हे, कापडावर पीठ टिकत नाही, काही दिवसांत झडतं. मी स्वतः एकच प्रश्न विचारते, "यात काय चाललंय?" ज्याने लिहिलंय तो बोट ठेवून सांगायला लागतो. हा भगत, ही सुगी, ह्या उंदराने धान्य पळवलं. दुसऱ्याकडून आणून विकणारा "वारली डिझाइन आहे" म्हणतो.

भावात घासाघीस करू नका, ताई. हातभर चित्राला दोन-तीन दिवस जातात. तेवढ्या दिवसांची मजुरी तुमच्याकडे कामाला येणाऱ्या माणसाला तुम्ही किती दिली असती, तो हिशोब मनात करा आणि मग बघा, सांगितलेला भाव बहुतेक वेळा त्याहून कमीच निघतो. आणि पैसे रोख न्या, सुटे. पाड्यावर नेटवर्क नसतं, यूपीआय अडकतं, आणि मग "घरी गेल्यावर पाठवते" म्हणून राहून जातं. माझ्या गटातल्या एकीचं असंच सहा महिने राहिलं होतं, मी आठवण केली तेव्हा तिलाही फार वाईट वाटलं.

मुखवट्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तिथे बाहेरची माणसं अजून फारशी जात नाहीत. जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर पावसाच्या तोंडापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. कोणी भवाडा म्हणतं, कोणी आखाडी. प्रत्येक गावाची तिथी वेगळी. रात्रभर मशालींच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं. पहिला गणपती, मग बाकीचे देव, वेताळ, रावण, राक्षस, शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी सगळेच असतात. बऱ्याच गावांत अमुक सोंग अमुक घराण्याकडे असं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आजोबांनी नाचवलेला मुखवटा नातू नाचवतो. त्यामुळे तो मुखवटा ही नुसती वस्तू राहत नाही, घरात उंचावर कापडात बांधून ठेवतात.

जुने मुखवटे लाकडाचे, जड. आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. जव्हारजवळचं रामखिंड त्यासाठी माहीत असलेलं गाव. साच्यावर लगद्याचे थर चढवायचे, उन्हात सुकवायचे, पुन्हा चढवायचे. कडक ऊन लागतं, म्हणूनच हे काम पावसाळ्यात होत नाही. एका अंगणात मी खाटेवर अकरा मुखवटे वाळत घातलेले बघितले, सगळे पांढरे, रंग न दिलेले. रावणाची दहा तोंडं एका पट्टीवर, त्यातलं एक किंचित खाली झुकलेलं. रंगवणारे दादा आधी गाल, मग मिशा, कपाळावरचा टिळा असं करत गेले. डोळे शेवटी. बुबुळाचा काळा ठिपका ठेवायच्या आधी त्यांनी बिडी विझवली, हात धुतले आणि आम्हाला म्हणाले, "आता जरा बोलू नका." ठिपका पडला आणि समोरचा पांढरा लगदा एकदम आपल्याकडे बघायला लागला. आमच्यातलं एक चार वर्षांचं पोर आईच्या मागे लपलं.

तुमची मुलगी तो क्षण बघू शकली तर फार बरं होईल. विकायचे मुखवटे ते वेगळे करतात, लहान, भिंतीला टांगायचे. ते खुशाल घ्या. पण उत्सवाचा मुखवटा विकत मागू नका, आणि न विचारता उचलून तोंडाला लावून फोटो काढू नका. एकदा माझ्या गटातल्या एकाने तसं केलं. कोणी रागावलं नाही, पण घरातल्या म्हाताऱ्या बाई उठून आत गेल्या आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. तेव्हापासून मी गाडीतच सगळ्यांना सांगते.

बोहाडा प्रत्यक्ष बघायचा असेल तर रात्र जागावी लागते, जमिनीवर बसावं लागतं. आईबाबांना ते झेपणार नाही. ते पुढच्या वेळी, तुम्ही आणि मुलगी.

तारपा हे तिसरं. दुधी भोपळा वेलावरच सुकू देतात, आतला गर काढून पोकळ करतात, खाली भोकं पाडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांब कर्णा, आणि सगळे सांधे मेणाने बुजवलेले. मोहोळाचं मेण, काळपट. ज्या बाबांकडे मी जाते ते मेणाचा गोळा दोन्ही तळव्यांत चोळत बसतात, मऊ झाला की अंगठ्याने सांध्यावर दाबतात, जसं आपण करंजीची कड दाबतो. नळीच्या तोंडाशी बांबूचीच बारीक जीभ असते, आवाज तिचा. बाबा फुंकून बघतात. आवाज फाटला. नळी उपसून काढतात, जिभेवर मोहरीएवढं मेण लावतात, पुन्हा बसवतात, पुन्हा फुंकतात. आठ-दहा वेळा. मग एकदम तो भरलेला, घुमणारा सूर येतो आणि तो तुटत नाही, कारण गालात हवा साठवून ते नाकाने श्वास घेतात. कुत्री भुंकायची थांबतात. शेजारच्या घरातून कोणीतरी येऊन उभं राहतं. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल धरतात आणि तारपेवाल्याकडे पाठ करत नाहीत. चित्रातला तो नागमोडी गोल आठवा, तो हाच.

मुलीला फुंकून बघायचं असेल तर विचारून. आवाज येणार नाही, पण वजन कळेल.

बांबूचं काम वाटेत सहज दिसतं. सुपं, टोपल्या, पावसाळ्याआधी डोक्यावर घ्यायची इरली. कामट्या किती पातळ सोललेल्या आहेत आणि कडा बोटाला टोचते का, एवढं बघा. थंडीत तोडलेला बांबू घ्यावा, त्याला कीड कमी लागते. विणणाऱ्याला विचारलंत तर तो सांगतो.

कारागिराकडे जाताना "डेमो द्या" अशी फर्माईश नको. आधीच फोनवर ठरवा, त्यांच्या वेळेचे वेगळे पैसे किती ते स्पष्ट विचारा, आणि काही विकत घेतलं नाही तरी ते द्या. पोरांना चॉकलेटं वाटू नका, ती मग प्रत्येक गाडीमागे धावतात. द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींकडे वह्या द्या. चपला दाराबाहेर, फोटो विचारून, आणि "राम राम" म्हटलंत की पुढचं आपोआप होतं. त्यांची बोली पहिल्या दहा मिनिटांत थोडी अवघड जाते, मग कळायला लागते.

मुक्काम जव्हारला करा, शहरात साधी लॉजेस आहेत, आसपास घरगुती सोयही मिळते. समुद्रसपाटीपासून बरंच उंच असल्याने रात्री गारवा असतो, आईबाबांना स्वेटर न्या. दुपारी मात्र ऊन चढतं, बारा ते चार त्यांना खोलीवर विश्रांती घेऊ द्या. बघण्याचं सगळं सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी करा. मुकणे राजांचं हे संस्थान, महादेव कोळ्यांचं, १९४८ मध्ये विलीन झालं. त्यांचा जयविलास राजवाडा, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज थांबले ते शिरपामाळ, हनुमान पॉइंट, हे एका संध्याकाळचं काम. दाभोशाला या दिवसांत धार फार बारीक असते आणि खाली उतरायला पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून सोडून द्या. जेवायला नागलीची भाकरी सांगा, आदल्या दिवशी सांगितली तर मिळते. आईबाबांसाठी तिखट कमी, हेही आधीच सांगायचं, नंतर सांगून उपयोग नसतो.

परतीला तोच रस्ता नको. विक्रमगड, वाडा, भिवंडी असे उतरा. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा हे सगळे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते, आता पालघरमध्ये. विक्रमगडच्या बाजूला मोगऱ्याची शेतं आहेत, कळ्या पहाटे खुडतात. वाड्याला कोलम तांदूळ घ्या, नवा असेल तर शिजवताना पाणी थोडं कमी. वाडा ते भिवंडी रस्त्याचे हाल मात्र कायमचे, अंधारात खड्डा दिसत नाही आणि समोरून अवजड गाड्या येतात. म्हणून जव्हारहून दुपारी दोनच्या आत निघाच, म्हणजे उजेड आहे तोवर भिवंडी गाठाल.

आणि तारपा विकत घेतलात तर तो डिकीत ठेवू नका. मार्चच्या उन्हात डिकी तापते, मेण पाघळतं आणि सांधे सुटतात. मुलीच्या मांडीवर द्या, कर्णा खिडकीकडे, वर ओलसर सुती पंचा टाकून. घरी आल्यावर भिंतीला टांगाल तर ऊन न येणाऱ्या भिंतीला.